गटारमा गाय शे

कौतिक आबांच्या ओट्यावर पोरं यायची बंद झाली, आणि रोजची संध्याकाळ कुठे ठेवावी हेच आबांना कळेनासं झालं.

तसा ओटा काही मोठा नव्हता. धुळ्याहून जळगावकडे निघालं की वाटेत नांदबर्डीचा फाटा लागतो. एसटीत डुलकी लागलेल्या माणसाला कळायच्या आत मागे पडावं, एवढंच ते शहर. पण शहरच, कारण त्याला स्वतःची पालिका होती. तिथल्या एका गल्लीत, निंबाच्या सावलीला आबांचा ओटा. दिवेलागणीला गल्लीतली पोरं तिथे गोळा व्हायची. पांझरा नदी मोठ्या बहिणीला, तापीला भेटायला कशी निघाली, वाटेत तिने कुणाकुणाला काय काय विचारलं, असं काहीबाही आबा सांगायचे. नदी ऐन वळणावर आली की थांबून एखाद्या पेंगणाऱ्या पोराला सातचा पाढा विचारायचे. पोराचा पाढा होईपर्यंत नदी बिचारी वळणावर उभी राहायची. नदीला घाई नव्हती आणि आबांनाही नव्हती.

पण दिवाळीपासून ओट्याखालची गटार तुंबली. काळं पाणी आधी पायरीशी आलं, मग पायरी चढलं आणि ओट्याच्या कडेला टेकून बसलं. गल्लीत वास असा, की पाहुणे आले तरी चहाला थांबत नव्हते.

समोरच्या नूतनने एक दिवस सांगून टाकलं, “आबा, राग मानू नका. पण लली परवा तुमच्याकडून निघाली ती फरशी चुकून सरळ गटारीत. पोरगी सापडली, चप्पल नाही सापडली. गटार साफ होऊ द्या, मग पाठवते.”

एकीने थांबवलं की गल्ली थांबते. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर आबा, निंबाची पानं आणि वळणावर अडकलेली नदी, एवढंच उरलं.

आबा पालिकेत गेले. तिथे समाधान नावाचा तरतरीत माणूस बसला होता. त्याने आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्यांच्या हातातला अर्ज नम्रपणे परत दिला.

“आबा, कागद बंद झाला आता. आता ‘कानोसा’.”

“ते काय ऱ्हास भाऊ?”

“मोबाइलमध्ये असतं. लिहायचं नाही, वाचायचं नाही, फक्त बोलायचं. तुम्ही जे बोलाल ते मशीन ऐकतं, समजून घेतं आणि त्या त्या खात्याला धाडतं. मध्ये माणूस नाही. म्हणजे मध्ये अडवणारा कुणी नाही.” समाधानने भिंतीवरचा मोठा पडदा दाखवला. त्यावर नांदबर्डीचा नकाशा होता, आणि नकाशावर लाल आणि हिरवे ठिपके. “तक्रार आली की लाल. निकाली निघाली की हिरवा.”

आबा त्या पडद्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. आपलं धुळीचं गाव त्यांना असं कधी दिसलं नव्हतं, पिकल्या आणि कच्च्या बोरांनी लगडलेल्या झाडासारखं. देवपूरच्या लेकीने दिवाळीला दिलेला मोबाइल त्यांनी समाधानच्या हातात दिला. त्याने त्यात कानोसा घालून दिला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. खानदेशाच्या बोलीत ‘ळ’ हे अक्षर फारसं राहत नाही. त्याच्या घरात ‘य’ राहतो. केळी ही केयी, डोळा हा डोया, शाळा ही शाया आणि जळगाव हे जयगाव. पुस्तक वाचताना, साहेबासमोर बोलताना लोक ‘ळ’ला बोलावून आणतात, पण घरात शिरल्यावर चपलेसोबत तोही बाहेर काढून ठेवतात. त्यामुळे आबांच्या घरी गटारीत साचतो तो ‘गाय’. आणि दूध देते ती? ती गावडी. गेली कित्येक पिढ्या यात कुणाचा घोटाळा झाला नव्हता.

घरी येऊन आबांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि मोबाइल तोंडासमोर धरला.

“बोला, पालिका ऐकते आहे,” आतून एक मुलायम बाई बोलली.

“राम राम माय. मी कौतिक आबा बोली राह्यनू. आम्हना ओटासमोर गटारमा गाय शे.”

“गटारीत गाय आहे. बरोबर?”

आबांच्या अंगावर काटा आला. “प्रमिला! ओ प्रमिला! आठे ये. पालिका आपली बोलीमा बोली राह्यनी! ‘गाय’ म्हने!”

प्रमिलाबाई आतून म्हणाल्या, “मंग गायले गाय नही म्हनाव ते काय म्हनाव? तुम्ही आगोदर गटारनं सांगा, मंग नाचा.”

“बरोबर माय, बरोबर!” आबा मोबाइलला म्हणाले.

“गाय कोणत्या रंगाची आहे?”

“काया. काया ठिक्कर.”

“काळी गाय. नोंद केली. गाय जिवंत आहे का?”

आबा थबकले. गाळाबद्दल इतक्या आपुलकीने चौकशी त्यांना आजवर कुणी केली नव्हती. त्यांनी डोळे मिटून विचार केला. “जित्ता म्हना तर जित्ताच शे माय. रोज थोडा थोडा वाढस. मधीमधी बुडबुडा काढस.”

“गाय जिवंत आहे. श्वास घेते आहे. आणखी काही त्रास?”

“वास रे बाप, वास!”

“सोबत वासरे आहेत. किती?”

“किती म्हनसू? बठ्ठी गल्ली भरी गई!”

“वासरे गल्लीभर. नोंद केली. अजून काही सांगायचे आहे?”

आबांचा आवाज उतरला. “पोरे येतस नही माय आते. ओटा सुना पडी ग्या.”

मशीनने तीही नोंद केली. मग म्हणालं, “आपल्या भावना पालिकेपर्यंत पोहोचवल्या आहेत.”

त्या संध्याकाळी आबा मोबाइल मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. थंडीचे दिवस होते. कुठेतरी वांगी भाजल्याचा धूर गल्लीवर तरंगत होता. आबांना वाटलं, हे आख्खं शहर म्हणजे एक मोठा कान आहे. पानाचा देठ तुटला तरी त्याला ऐकू येतं. नळाची चावी गळाली, दिवा विझला, एखाद्या म्हाताऱ्याचा ओटा रिकामा पडला, की कुठेतरी एका पडद्यावर लाल ठिपका उगवतो आणि कुणीतरी म्हणतं, अरेरे. गटारीतल्या पाण्यावर चंद्राचा तुकडा हलत होता. तोही आबांना त्या दिवशी स्वच्छ वाटला.

सकाळी धुकं पुरतं उठलं नव्हतं, तोच गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजली. धुक्यातून लालभडक बंब पुढे आला. वरून दोरखंड, बांबू आणि शिड्या घेतलेली माणसं उतरली. त्यांचा म्होरक्या वना, डोक्यावर पितळी टोप घालून आबांसमोर उभा राहिला.

“आबा, कोठे शे गाय?”

आबांचा ऊर भरून आला. “आठेच भाऊ. फरशीना खाले.”

“मोठी शे का?”

“मोठा? गुडघाइतला व्हई.”

“गुडघ्याएवढं?” वना आपल्या माणसांकडे वळला. “मंग ते वासरू. गाय आजून खाले व्हई. उचला रे फरश्या!”

फरशा उचलल्या गेल्या. खाली काळोख. वनाने बॅटरी मारली, बांबू घातला, बांबू काळा होऊन वर आला. “आठे नही. पुढे सरकी गई व्हई.” मग पुढची फरशी, मग त्याच्या पुढची. गल्लीची गटार दात काढल्यासारखी उघडी पडत गेली.

आबा हे सगळं हात जोडून बघत होते. गाळ काढायला बंब येतो, पितळी टोपवाला येतो, ‘कोठे शे’ म्हणून मानाने विचारतो! धन्य ती पालिका.

गल्लीत पसरायला बातमीला चालावंही लागलं नाही. गाय अडकली म्हटल्यावर बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या. हे भूमिपूजन असावं, असं आबांनी धरलं. कामाला सुरुवात म्हटल्यावर चार कुंकवाची बोटं उठायचीच. मग नूतन आली. तिच्या एका हाताला लली, दुसऱ्या हातात केळीची पानं. पाठोपाठ कुणी कडब्याची पेंढी आणली, कुणी मक्याचा हिरवा चारा, आणि सगळ्यांनी तो “खाय माय, खाय” म्हणत गटारीत सोडला.

“चारा कसाले व नूतन?” आबांनी हळूच विचारलं.

“गायीला, आबा.”

गाळाला चारा? आबा जरा चक्रावले. मग त्यांनाच सुचलं, नवीन शास्त्र असेल. चारा गाळ शोषून घेत असेल, शाईला टीपकागद घेतो तसा. सरकार आता कुठल्या कुठे गेलं आहे, आपण अजून बांबूतच आहोत.

त्यांना खरा आनंद वेगळाच होता. गल्लीत पोरं होती. सगळी. ओट्यावर चढून, खांबाला लोंबकळून, आबांच्या खांद्यावर हात टेकून गटारीत वाकून बघत होती. कितीतरी दिवसांनी ओट्याला पाय फुटले होते.

तेवढ्यात मोटारसायकलवरून समाधान आला. हातात मोबाइल, चेहऱ्यावर तेज. “आबा, बघा आपला कानोसा! काल संध्याकाळी तक्रार, आज सकाळी बंब. आणि वाचून दाखवतो काय लिहिलंय.” त्याने मोठ्याने वाचलं, “‘गटारीत काळी गाय अडकली आहे. जिवंत. श्वास घेते. सोबत गल्लीभर वासरे.’”

आबा हसले. “श्वास मी नही म्हनना भाऊ. बुडबुडा म्हनना.”

“बुडबुडा?”

“गाय बुडबुडा काढस ना. सडेल ऱ्हास ना तो.”

समाधानच्या चेहऱ्यावरचं तेज एकदम मालवलं. तोही खानदेशचाच. त्याची आईही घरी जयगावच म्हणत होती. पण पडद्यावर छापलेलं अक्षर आलं की माणूस आपल्या आईचा आवाज विसरतो. तो अगदी हळू, एकेक शब्द पाण्यात सोडावा तसा म्हणाला, “आबा... तुमची गाय... दूध देते का हो?”

“गटारना गाय अन दूध?” आबा चकित झाले. “भाऊ, तुम्हले बरं शे ना?”

“म्हणजे गाळ!”

“मंग मी कालपासून काय सांगी राह्यनू! गाय! गा-य!”

“आणि वासरे?”

“वास रे बाप, अस्सं म्हनेल व्हतं मी.”

आधी लली खुदकन हसली. मग हळदीकुंकवाच्या ताटांसकट अख्खी गल्ली हसली. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. वनाने मात्र टोप काढून बगलेत मारला. “चला रे,” तो आपल्या माणसांना म्हणाला, “गायच नही ते काय काढनं?”

“अहो, फरशा तरी बसवून जा!” समाधान ओरडला.

“फरश्या बसाडनं बांधकाम खाताकडे. आमनाकडे फक्त उचलनं.” आणि बंब घंटा न वाजवता निघून गेला.

हसून झाल्यावर लोकांचं लक्ष गटारीकडे गेलं. गाळावर आता कडबा, मका आणि केळीची पानं यांचा चांगला बांध बसला होता. थोडंफार झिरपत होतं तेही थांबलं. काळं पाणी एकदा श्वास घेतल्यासारखं फुगलं आणि सावकाश ओट्यावर आलं. नूतनने ललीला उचललं. “चला गं, चला घरी.” बाकीच्या आयांनीही आपापली पोरं ओढून घेतली.

आबा पाण्यातून पाय वर घेऊन खांबाला टेकले. “भाऊ,” ते म्हणाले, “ती गंमत व्हई गई. आते गाय काढी टाका. पोरे परत चालनात.”

समाधानला त्या आवाजाने कसंसंच झालं. “काढला असता आबा. पण इथे लाल ठिपका प्राण्याचा आहे. एका जागी एकच तक्रार चालते. गाय बाहेर निघाल्याचा फोटो टाकल्याशिवाय हा ठिपका हिरवा होत नाही, आणि तो हिरवा झाल्याशिवाय गाळाची तक्रार घेत नाही.”

प्रमिलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “म्हंजे गटारमा जी गेलीच नही, ती बाहेर निंघाले पाह्यजे?”

“हो, अक्का.”

“अन हाई शहानं मशीन शे?”

समाधान तोवर मोबाइल काढून बाजूला झाला होता. त्याने आधी कानोसा तयार करणाऱ्या कंपनीला फोन लावला. “साहेब, एवढं शिकवा त्याला. खानदेशात गाय म्हणजे गाळ. हो, हो. लिहून घ्या. गाय म्हणजे गाळ.” पलीकडून कुणीतरी दुपारपर्यंत शिकवतो म्हणालं. मग समाधान गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या चिंधाकडे गेला. चिंधाकडे गावडी होती, आणि नशीब असं की काळीच. नाव मोगरी.

“फोटोच काढायचा ना?” चिंधाने तीनतीनदा विचारलं. “मनी मोगरी बुजाडखोर शे. गर्दीमा गई ते दूध चोरस.”

“एक मिनिटाचं काम आहे.”

मोगरी आली. शांत, मोठ्या डोळ्यांची, कालच्या स्वप्नातून अजून पुरती बाहेर न आल्यासारखी. समाधानने तिला गटारीच्या कडेला उभं केलं आणि फोटो काढला. मोबाइलमधली बाई म्हणाली, “गाय सुखरूप. अभिनंदन. वासरे दिसत नाहीत.”

समाधानने कपाळाला हात लावला. गल्लीभर वासरं कुठून आणायची?

पोरांनीच तोड काढली. लली आईच्या हातातून निसटली आणि मोगरीशेजारी हातापायांवर उभी राहून हंबरली. तिच्या मागे बाकीची सगळी. कुणी टॉवेलची शेपटी लावली, कुणी कानाला केळीचं पान धरलं. नूतन ओरडली, “अगं, मनी पोरगी वासरू व्हई गई!” घाबरली की नूतनचीही शाळेतली मराठी गळून पडायची.

समाधानने डोळे मिटून फोटो काढला.

“वासरे सुखरूप,” बाई गोड आवाजात म्हणाली. “तक्रार निकाली.”

पडद्यावर कुठेतरी हिरवा ठिपका उगवला. समाधानने सुटकेचा श्वास सोडला, आणि तो पुरता सुटायच्या आत मोगरीने खाली पाहिलं.

खाली मका होता. हिरवा, कोवळा, कुंकू लावलेला. फरशा नव्हत्याच. मोगरीने एक पाय टाकला, मग दुसरा, आणि अगदी सावकाश, कुणालाही घाई न करता, अख्खी गटारीत उतरली. पोटापर्यंत गाळात रुतल्यावर ती थांबली आणि मका खाऊ लागली.

“मनी मोगरी!” चिंधा मटकन खाली बसला. “एक मिनिट म्हने! एक मिनिट!”

समाधानने वनाला फोन लावला. “वनाभाऊ, गाय! खरीखुरी! गटारीत!”

“साहेब,” पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “गाय बाहेर निंघाना फोटो आताच पाह्यना मी. वासरंबी पाह्यनी. लई गोड शेतस. आते आम्हले आराम करू द्या.”

“कानोसा!” समाधान म्हणाला. “कानोसावरच नवीन तक्रार करतो. या खेपेला शुद्ध बोलतो.” त्याने मोबाइल तोंडाजवळ धरला आणि आकाशवाणीवरच्या माणसासारखा एकेक अक्षर टोकदार करून म्हणाला, “गटारीत गाय अडकली आहे.”

“गटारीत गाळ अडकला आहे. बरोबर?”

समाधानने घड्याळात पाहिलं. दुपार झाली होती. मशीन शिकलं होतं.

“गाळ नाही. गाय!”

“गाळ नाही, गाळ. बरोबर?”

“काळी गाय! शिंगं आहेत तिला! शेपूट आहे!”

“काळा गाळ. गाळात टोकदार वस्तू आहेत. नोंद केली.”

चिंधाने मोबाइल हिसकावला. “माय, मनी मोगरी शे ती! दोन्ही येळ दूध देस!” आणि पुरावा म्हणून त्याने मोबाइल मोगरीच्या तोंडासमोर धरला. मोगरी मान वर करून लांबलचक हंबरली. नांदबर्डीच्या घरांवरून, धुरावरून, निंबावरून तो आवाज सावकाश तरंगत गेला.

मोबाइलमधल्या बाईंनाही तो आवाज लागला असावा. त्या जरा थांबून म्हणाल्या, “गाळ आवाज करतो आहे. धोक्याची परिस्थिती. तातडीची तक्रार म्हणून नोंद केली.”

समाधान चिंधाशेजारीच मटकन बसला. आबा मात्र खांबाला टेकून मोगरीकडे बघत होते. काळ्या पाण्यात काळी गावडी उभी, मान तेवढी वर, आणि तिच्या डोळ्यांत अख्खी गल्ली उलटी दिसत होती. आबांना वाटलं, आता हे स्वप्न की जाग, हे विचारण्यात अर्थ नाही. चालू आहे तोवर बघावं.

मोगरीचा मका संपत आला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी धडधड ऐकू आली. गाळ ओढणारी पालिकेची मोठी गाडी होती. तिच्याकडे दिवाळीपासून कुणी बोलावणं धाडलं नव्हतं असं नाही, पण ‘तातडी’ हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला होता. गाडीवरचा नवल फावडं घेऊन उतरला.

“गाळ कोठे शे?”

सगळ्या गल्लीने एकाच वेळी मोगरीकडे बोट दाखवलं.

नवल वाकला. त्याने मोगरीकडे पाहिलं. मोगरीने त्याच्याकडे पाहिलं. “हाऊ?” नवल म्हणाला. “याले ते डोया शेतस!”

“भाऊ, आते इचारू नको,” आबा म्हणाले, “तिना आजूबाजूना जो शे, तो काढ. ती आपोआप निंघी.”

त्याला दुसरा मार्गही नव्हता. मोगरीला धक्का न लावता नवलने पुढून पाइप घातला, मागून फावडं चालवलं. चिंधा तिच्या मानेला मिठी मारून तिच्याशी गोड गोड बोलत होता. कडबा निघाला, पानं निघाली, दिवाळीपासूनचा गाळ निघाला, ललीची चप्पलही निघाली. मोगरीचं पोट दिसलं, मग गुडघे, मग खूर. पायाखाली गटारीचा तळ लागल्यावर मोगरीने एकदा अंग झाडलं, समाधानच्या पांढऱ्या शर्टावर त्या दिवसाची नोंद केली, आणि जशी उतरली तशीच घाई न करता वर चढून घराकडे चालू लागली.

तिच्या मागे गटारीत काहीतरी हललं. आधी गुळगुळ झालं, मग खळखळ. ओट्यावरचं पाणी पाय न वाजवता उतरलं, पायरीवरून खाली गेलं आणि वाहू लागलं. वाहत्या पाण्याचा आवाज गल्लीत इतक्या दिवसांनी आला होता की गाडीचं इंजिनही नवलने बंद केलं. प्रमिलाबाईंनी बादल्या ओतून ओटा धुतला. ओल्या ओट्यावर निंबाची सावली हलायला लागली तेव्हा आबांना वाटलं, वळणावर थांबलेली पांझरा आता पुढे निघाली.

संध्याकाळी पोरं आली. पण गोष्टीसाठी नव्हती आली. लली पुढे होऊन म्हणाली, “आबा, आज आम्ही शिकवणार. तुम्हाला ‘ळ’ येत नाही म्हणून एवढं सगळं झालं. म्हणा, गाळ.”

“गाय.”

“जीभ वर न्या. आणि मागे वळवा.”

“वयवली.”

“वयवली नाही आबा, वळवली!” पोरं हसून हसून एकमेकांवर पडली. मग प्रत्येकाने आपापली जीभ बाहेर काढून, वळवून, आबांना दाखवली. ओट्यावर इतक्या जिभा एका वेळी कधी वळल्या नव्हत्या. आबा मन लावून बघत होते, मान डोलवत होते, आणि पुन्हा ‘गाय’ म्हणत होते. दिवस मावळेपर्यंत ‘ळ’ काही आला नाही.

“उद्या जमेल आबा,” ललीने त्यांची समजूत घातली. “घाई करू नका. आम्ही रोज येऊ.”

आणि पोरं रोज यायला लागली. शाळेतून आली की दप्तर टाकून आबांचा ‘ळ’ घ्यायला. आज केळी, उद्या डोळा, परवा जळगाव. आबांची जीभ फार जड होती. पंधरवडा गेला, महिना गेला, पण ‘य’ काही जागा सोडेना. पोरं थकली की आबा म्हणायचे, “आते थोडं थांबा. तवरोक मी तापीनं सांगस,” आणि पोरं मांडी घालून बसायची. आता आयाही दारातून ऐकायच्या, कारण कुणाला वाटे आज नक्की जमणार.

एकदा दुपारी प्रमिलाबाई धान्य पाखडायला ओट्यावर आल्या. आबा पाठमोरे बसले होते. खाली गटारीचं पाणी झुळझुळत होतं, आणि आबा त्या पाण्याला सांगत असल्यासारखे डोळे मिटून पुटपुटत होते.

“गाळ. केळी. डोळा. काळवीट. जळगाव.”

स्वच्छ, ठसठशीत. एकाही अक्षराला ओरखडा नाही.

प्रमिलाबाईंच्या हातचं सूप तिरकं झालं. “ओ!” त्या मोठ्याने म्हणाल्या, “हाई अक्षर ते येस तुम्हले! मंग पोरेसमोर रोज कसाले...”

आबा दचकून वळले. गल्लीच्या तोंडाशी शाळेची दप्तरं दिसायला लागली होती, सगळ्यांत पुढे लली. आबांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल!”